शत्रू हातात सापडल्यावर

उजनीतून सुटलेले पाणी आमच्या टेंभुर्णीच्या शेजारून, भीमानगरहून खाली निघते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढे मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूरला पोहोचते. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना भीमेवर जो पूल लागतो, त्याच्या अलीकडे बेगमपूर आणि पलीकडे माचणूर. माचणूरला सिद्धेश्वराचे देऊळ आहे, मोगली किल्ल्याच्या भिंती आहेत. बेगमपुरात एक कबर आहे. ती औरंगजेब बादशहाच्या मुलीची, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची मुख्य छावणी या काठावर, ब्रह्मपुरीला होती. त्याने गावाचे नाव इस्लामपुरी ठेवले. ते नाव टिकले नाही. गाव पुन्हा ब्रह्मपुरीच झाले.

त्या छावणीत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने कधी तलवार उगारली नव्हती, कोणाचा मुलूख लुटला नव्हता. तरी तो युद्धकैदी होता. त्याचे नाव शाहू. छत्रपती संभाजी महाराजांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा नातू. जन्म १८ मे १६८२ चा. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई येसूबाईंसह तो मोगलांच्या हाती लागला आणि सुटला तेव्हा पंचवीस वर्षांचा झाला होता. लहानपण, तारुण्य, लग्न, सारे काही शत्रूच्या तंबूत.

वाचकहो, यावेळी आम्ही या विषयाकडे वळलो, त्याला कारण आहे. इतिहासाचा तास सुरू झाला की मुले हल्ली पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारतात. मोबाईलवर काहीतरी पाहिलेले असते, चौकात काहीतरी ऐकलेले असते. आपल्या घरातली मुले तर घरी येऊन विचारतात, "अब्बू, औरंगजेब आपला होता का?" काही घरांत या प्रश्नावर गप्प बसवले जाते. काही घरांत बादशहाची वकिली सुरू होते: तो टोप्या शिवायचा, कुरआन लिहायचा, साधा राहायचा. दोन्ही उत्तरांनी मुलाचे समाधान होत नाही. आमच्या मते याचे उत्तर माणसाच्या नावावरून किंवा त्याच्या नमाजावरून शोधू नये. एक साधी कसोटी लावावी. शत्रू त्याच्या हातात सापडला, निःशस्त्र झाला, तेव्हा तो त्याच्याशी कसा वागला? ही कसोटी सगळ्यांना लावावी, आपल्यांना आधी.

बदरचे कैदी

ही कसोटी आम्ही कुठून आणली? बदरहून. हिजरी सन २, म्हणजे इसवी सन ६२४. मक्केच्या कुरैशांचे सुमारे सत्तर लोक मुसलमानांच्या हाती कैद झाले. ते काही परके नव्हते. कोणी चुलता होता, कोणी जावई, कोणी सख्खा भाऊ. खरे तर बदर ही एका अर्थाने भावाभावांचीच लढाई होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे कैदी सहाबांमध्ये वाटून दिले आणि त्यांच्याशी चांगले वागण्याची ताकीद दिली. त्या कैद्यांपैकीच एकाने, अबू अजीज यांनी, पुढे सांगितले आहे की ज्यांच्या घरी ते होते, ते अन्सार स्वतः खजुरांवर भागवत आणि भाकरी कैद्याला देत. त्या काळी मदिनेत भाकरी हीच महागाची वस्तू होती.

सुहैल बिन अम्र हे कुरैशांचे फर्डे वक्ते. त्यांच्या जिभेने मुसलमानांना फार दुखवले होते. ते कैद झाले, तेव्हा त्यांचे पुढचे दात पाडावेत म्हणजे पुन्हा भाषण करायला नको, अशी सूचना हजरत उमर (रजि.) यांनी केली. प्रेषितांनी (स.) नकार दिला. कोणाचेही अंग विद्रूप करायचे नाही. आणि ज्यांच्याकडे सुटकेसाठी पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहिणे शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरले. शिक्षक या नात्याने आम्हांला या घटनेचे फार अप्रूप वाटते. शत्रूच्या कैद्यापुढे आपली मुले पाटी घेऊन बसवायला केवढा विश्वास लागतो!

कुरआनात सूरह दहरमध्ये नेक लोकांची एक खूण सांगितली आहे: स्वतःला अन्नाची ओढ असताना ते गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात, आणि त्याबद्दल आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत. अनाथाच्या शेजारी कैद्याला बसवले आहे, हे लक्षात घ्यावे. दोघांचेही आता कोणी राहिलेले नसते.

आपसातली लढाई आली तेव्हा

बाहेरच्या शत्रूशी लढताना नियम पाळणे एक वेळ सोपे. आपसात फूट पडते तेव्हा खरी परीक्षा होते, कारण घरच्या वैऱ्याचा राग जास्त असतो. मुसलमानांवर ही वेळ प्रेषितांच्या (स.) नंतर पंचवीस वर्षांच्या आतच आली. हिजरी ३६, इसवी सन ६५६, बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. एका बाजूला हजरत अली (रजि.), दुसऱ्या बाजूला हजरत आयशा, हजरत तल्हा आणि हजरत जुबैर (रजि.). या लढाईचे कोण बरोबर, कोण चूक हे मापण्याचे काम आमचे नाही. आम्हांला एवढेच पाहायचे आहे की लढाई संपल्यावर काय झाले.

हजरत अली (रजि.) यांनी पुकारा करवला: पळणाऱ्याचा पाठलाग करू नका, जखमीला मारू नका, कोणाच्या घरात शिरू नका, ज्याने शस्त्र टाकले तो सुरक्षित. त्यांच्याच सैन्यातले काही लोक नाराज झाले. लढाई हलाल होती, तर लूट हराम कशी, असे त्यांचे म्हणणे. त्यावर हजरत अलींनी त्यांना उलट विचारले की मग हजरत आयशांना, तुमच्या सर्वांच्या आईला, वाट्यात कोण घेणार? लोक निरुत्तर झाले. मरवानसारखा विरोधकही कैद होऊन सुटला. हजरत आयशांना त्यांचे भाऊ मुहम्मद बिन अबू बक्र यांच्यासोबत, बसऱ्यातल्या स्त्रिया सोबत देऊन, इज्जतीने परत पाठवण्यात आले.

पुढे ६६१ मध्ये कूफ्यात इब्न मुल्जिमने हजरत अलींवर विषारी तलवारीचा वार केला आणि तो पकडला गेला. मृत्युशय्येवर असताना त्यांनी सांगितले की कैद्याला नीट खायला-प्यायला द्या. मी वाचलो तर काय करायचे ते मी ठरवीन. मी गेलो तर एका वाराला एकच वार, त्याचे हातपाय तोडू नका.

आपल्या फिकहमध्ये बंडखोरांशी लढण्याचे जे नियम आहेत, त्यांचा पाया इमामांनी याच वर्तनावर घातला. बंडखोर मुसलमान हा काफिर ठरत नाही, त्याचा माल लूट होत नाही, त्याच्या बायकामुलांना हात लावता येत नाही, लढाई थांबली की कैदी सोडायचा. यादवी युद्धातल्या कैद्यांसाठी जगात इतक्या लवकर इतके स्पष्ट नियम क्वचितच कोणी घालून दिले असतील.

बादशहाच्या तराजूत काय दिसते

आता हीच कसोटी औरंगजेबाला लावू. तोही यादवी लढूनच तख्तावर बसला. १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चार भावांमध्ये जुंपली. औरंगजेब तेव्हा आपल्या दख्खनचाच सुभेदार होता. त्याची फौज इथूनच उत्तरेला निघाली. थोरला भाऊ दारा शुकोह पकडला गेला. त्याला मळक्या कपड्यांत हत्तीवर बसवून दिल्लीच्या बाजारातून फिरवले आणि ऑगस्ट १६५९ मध्ये मारले. धाकटा मुराद तर मित्र म्हणून सोबत लढलेला. त्याला मेजवानीला बोलावून बेसावध पकडले आणि १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठार केले. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याला त्याच किल्ल्यात रोज अफूचे पाणी पाजून झिजवत नेले. बाप शहाजहान आग्ऱ्याच्या किल्ल्यात १६६६ पर्यंत, मरेपर्यंत नजरकैदेत राहिला. दाराच्या मृत्यूला दरबारातल्या उलेमांची संमती होती, हे सांगताना आम्हांला जास्त दुःख होते. जमलचे उदाहरण त्यांना माहीत नव्हते असे कसे म्हणावे?

मग आली १६८९ ची फेब्रुवारी. संगमेश्वरला संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले. आमच्या शेजारच्या अकलूजला बादशहाचा मुक्काम असताना ही बातमी त्याला पोहोचली. पुढे भीमेकाठच्या बहादूरगडावर, म्हणजे पेडगावला, कैद्यांची धिंड काढली गेली. अनन्वित हाल करून ११ मार्च १६८९ ला त्यांना मारण्यात आले. आम्ही हे साध्या शब्दांत सांगतो: हातात सापडलेल्या कैद्याची विटंबना करणे, त्याचे डोळे आणि अवयव घेणे, हे बदर आणि जमलच्या शिकवणीत कुठेच बसत नाही. सुहैलचे दातही ज्या दीनमध्ये पाडता येत नाहीत, त्या दीनच्या नावाने याचे समर्थन करता येत नाही. आपल्या मुलाने विचारले तर त्याला हेच उत्तर द्यावे. बादशहाचा गुन्हा झाकण्याची जबाबदारी आपल्यावर कोणीही टाकलेली नाही, आणि त्या गुन्ह्याचा हिशोब आजच्या कोणा मुसलमानाकडून मागण्याचा हक्कही कोणाला नाही.

गुलालबारमधला मुलगा

त्याच बादशहाच्या छावणीत मात्र शाहूच्या बाबतीत वेगळे घडले. तो आणि येसूबाई यांना बादशहाच्या तंबूंभोवती जो लाल कनातींचा घेर असे, त्या गुलालबारमध्ये जागा मिळाली. शाहूला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली गेली. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिने मायलेकरांवर माया केली. तिच्या आधारामुळे त्यांचे दिवस सुसह्य झाले, असे मराठी इतिहासकारही आदराने लिहितात. शाहूची लग्ने छावणीतच झाली, सिंदखेडच्या जाधवांची आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांची मुलगी सुना म्हणून आल्या.

एक खुलासा इथे करू. बेगमपूरची कबर झीनतुन्निसाची आहे, असे काही जण सांगतात. ते बरोबर नाही. झीनतुन्निसा बापाच्या मागे बरीच वर्षे जगली, दिल्लीच्या दर्यागंजमध्ये तिने झीनतुल मसाजिद बांधली आणि १७२१ मध्ये तिचे निधन झाले. तिची सख्खी बहीण, शायर झेबुन्निसा, भाऊ अकबराच्या बंडात त्याच्याशी पत्रव्यवहार केल्यावरून सलीमगडात वीसेक वर्षे बापाच्याच कैदेत होती. म्हणजे एक बहीण कैदेत आणि दुसरी शत्रूच्या कैदी मुलाला सांभाळणारी. एकाच घरात दोन्ही गोष्टी होत्या.

आणि तरीही कैद ती कैदच. १७०३ मध्ये शाहूने धर्म बदलावा असा बादशहाचा आग्रह सुरू झाला. मोठी रदबदली झाली आणि शेवटी प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी त्याच्याऐवजी धर्मांतर केले. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे आपण जगाला सांगतो. मग कैद्याची अडचण पाहून त्याला कलमा पढवणे ही दावत कशी होईल? मदिनेत सुमामा बिन उसाल मशिदीच्या खांबाला बांधलेले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना तीन दिवस फक्त विचारपूस करून, कोणतीही अट न घालता सोडून दिले. ते मोकळे झाले, बाहेर गेले, आंघोळ करून आपल्या पायांनी परत आले आणि मग मुसलमान झाले. आधी सुटका झाली, मग ईमान आले. फरक इथे आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि आझमशहाने शाहूला माळव्यातून सोडले. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागे राहिल्या. त्या परत आल्या १७१९ मध्ये, पूर्ण तीस वर्षांनी. मुलगा राजा झाला होता आणि आई अजून कैदेत होती. दख्खनला येताना शाहूने खुल्दाबादला औरंगजेबाच्या कबरीला भेट दिली, असे खाफीखानाने लिहिले आहे. ज्याच्या हुकमाने बाप गेला, त्याची ती कबर. आजच्या गोंगाटात ही गोष्ट मुलांना शांतपणे सांगण्यासारखी आहे.

मराठ्यांची यादवी

शाहू परतला, तेव्हा गादीवर राजाराम महाराजांची राणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. औरंगजेबाशी तिनेच सात वर्षे झुंज दिली होती. तिने शाहूला तोतया ठरवले आणि मराठ्यांमध्ये यादवी पेटली. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडची लढाई झाली, धनाजी जाधव शाहूला मिळाले. इथे एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे: शेख मिरा. साताऱ्याच्या किल्ल्यावर ताराबाईच्या बाजूने परशुरामपंत प्रतिनिधी होते आणि किल्ल्याच्या पहाऱ्यावर शेख मिरा. जुने इतिहासकार सांगतात की शाहूने शेख मिराची बायकामुले वाईहून पकडून आणली आणि किल्ला न दिल्यास त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली. शेख मिराने प्रतिनिधींना कैद करून दरवाजा उघडला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूचा राज्याभिषेक झाला.

स्वतः लहानपणी ओलीस राहिलेल्या माणसाने दुसऱ्याची लेकरे ओलीस धरावीत! दुःख सोसले म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो असे नाही, हे यावरून शिकावे. पण शाहूचे पुढचे आयुष्य पाहिले तर तो शिकत गेला असे दिसते. परशुरामपंत कैदेत होते. १७११ च्या सुमारास त्यांचा मुलगा कोल्हापूरच्या बाजूला गेला, तेव्हा चिडून शाहूने त्यांना कठोर शिक्षेचा हुकूम दिला. खंडो बल्लाळ चिटणीस धावत आले, मध्ये पडले आणि शिक्षा टळली. पुढे त्याच परशुरामपंतांना प्रतिनिधीपद परत मिळाले आणि १७१८ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ते सांभाळले. रागाच्या क्षणी हात धरणारा एक माणूस जवळ असावा लागतो. राजाकडे तो होता, आणि राजाने त्याचे ऐकले.

दुसऱ्या बाजूचेही उदाहरण आहे. ताराबाईच्या पक्षाच्या दमाजी थोराताने बाळाजी विश्वनाथांना बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन हिंगणगावच्या गढीत बोलावले आणि आत येताच कुटुंबासह कैद केले. बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडारा म्हणजे हळद, अशी त्याने शपथेची टर उडवली. कैद्यांच्या तोंडाला राखेचे तोबरे बांधून पैसे मागितले. शाहूने खंडणी भरून त्यांना सोडवले. पुढे दमाजीची गढी जमीनदोस्त झाली. याउलट १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडले, तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून मार्ग काढला. पिंगळे सुटले आणि आंग्रे शाहूच्या पक्षात आले. वाटाघाटीने जे झाले, ते राखेच्या तोबऱ्याने झाले नाही.

ताराबाईची गोष्ट तर सर्वांत बोलकी. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर तिची सवत राजसबाई हिने तिला आणि तिच्या मुलाला कैद केले. मुलगा कैदेतच देवीच्या साथीने गेला. १७३० च्या सुमारास वारणाकाठी शाहूच्या फौजेने कोल्हापूरच्या संभाजीची छावणी उधळली, तेव्हा राजसबाई, संभाजीची राणी जिजाबाई आणि कैदी ताराबाई अशा तिघीही हाती लागल्या. शाहूने राजसबाई व जिजाबाईंना मानाने पन्हाळ्याला परत पाठवले. ताराबाई परत गेली नाही. तिकडेही कैद, इकडेही कैद, मग साताऱ्यालाच राहते, असा तिचा विचार. शाहूने चुलतीला किल्ल्यावर वाडा दिला, मान दिला. एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन भाऊबंदकी मिटली. कैद्यांना इज्जतीने परत पाठवल्याने तहाची वाट सोपी झाली, हे उघड आहे.

आणि तीच ताराबाई? शाहूच्या मागे तिने ज्याला नातू म्हणून गादीवर आणले, त्या रामराजाला नोव्हेंबर १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात स्वतःच कैद केले. सोळा वर्षे बंदीत काढलेली बाई शेवटी तुरुंगाधिकारी झाली. शाहू आणि ताराबाई दोघेही कैदेतून गेले. एक मऊ झाला, एक कठीण झाली.

जगाने काय शिकले

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. फ्रान्सिस लीबर नावाच्या कायदेपंडिताचे मुलगे त्यात दोन्ही बाजूंनी लढले. दक्षिणेकडून लढणारा मुलगा मारला गेला. त्याच लीबरने १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यासाठी युद्धाचे नियम लिहिले. कैद्याचा सूड घ्यायचा नाही, त्याचे हाल करायचे नाहीत, हे त्यात होते. तरीही दक्षिणेतल्या अँडरसनव्हिलच्या उघड्या तळावर सुमारे ४५ हजार कैद्यांपैकी जवळजवळ १३ हजार भूक आणि हगवणीने मेले. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. उत्तरेच्या एल्मायरा तळावरही तीनेक हजार मेले, पण तिथल्या कोणाला फाशी झाली नाही. जिंकणाऱ्याचा हिशोब कोणी तपासत नाही, हा जगाचा जुना रोग आहे.

१९४९ च्या जिनिव्हा करारांत तिसरे कलम चारही करारांना समान ठेवले आहे आणि ते खास देशांतर्गत युद्धासाठी आहे. ज्याने शस्त्र टाकले, जो जखमी आहे, जो बंदीत आहे, त्याला मारू नये, छळू नये, ओलीस धरू नये, त्याची अप्रतिष्ठा करू नये, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नये. भारताने १९६० मध्ये या करारांसाठी कायदा केला. त्याआधी आणि नंतरही देशाची परीक्षा झाली. १९७१ मध्ये पाकिस्तानातल्या यादवीतून बांगलादेश जन्मला आणि नागरिक धरून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी आपल्या देशाच्या ताब्यात आले. पूर्व बंगालात जे घडले होते त्याचा राग लोकांच्या मनात ताजा होता. तरीही भारताने त्यांना युद्धकैद्यांचे नियम लावले, आणि १९७३-७४ मध्ये ते घरी परतले. आपल्या मुलांना हेही सांगावे. त्यांना आपल्या देशाचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

आपल्या घरातले ओलीस

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे ना किल्ला ना फौज, आम्हांला या कैद्यांचे काय? पण यादवी घरातही होते. मराठीत तिला भाऊबंदकी म्हणतात. बांधावरून, वाटणीवरून, रुसव्याफुगव्यावरून दोन घरे एकमेकांसमोर उभी राहतात, तेव्हा हातात सापडलेला कोणीतरी असतोच. बहुतेक वेळा ते लहान मूल असते.

शाळेत आम्ही हे दरवर्षी पाहतो. आईबापांचे पटत नाही, तलाक किंवा खुला होतो, आणि मूल एका बाजूकडे ठेवून घेतले जाते. त्याला आईला भेटू द्यायचे नाही, किंवा बापाचा फोन द्यायचा नाही. मूल परत हवे तर महर सोडा, खटला मागे घ्या, दागिने आणून द्या. अशी मुले वर्गात मागच्या बाकावर बसतात, डब्याच्या सुट्टीत फाटकाकडे बघत राहतात. त्यांना विचारले तर ती दोघांपैकी कोणाचेच वाईट बोलत नाहीत. ही मुले ओलीस नाहीत तर काय आहेत? प्रेषितांची (स.) हदीस आपल्याकडे आहे की जो आई आणि मूल यांची ताटातूट करतो, त्याची त्याच्या प्रियजनांपासून अल्लाह कयामतच्या दिवशी ताटातूट करील. हे फर्मान मुळात युद्धकैद्यांच्या संदर्भात आले आहे, हे किती जणांना माहीत असते? कैदी शत्रूच्या बाबतीत जे मना आहे, ते आपल्या पोटच्या लेकराच्या बाबतीत कसे चालेल?

तसेच चौकातले. चोर म्हणून, अफवेवरून, अमक्या समाजाचा म्हणून जमाव कोणाला पकडतो आणि मारहाण सुरू होते. तो आपल्यातला असतो तेव्हा आपल्याला नियम आठवतात. तो दुसऱ्यातला असतो तेव्हाही आठवले पाहिजेत. पकडलेला माणूस ही आपल्याकडे पोलीस येईपर्यंतची अमानत असते, मग तो कोणीही असो. त्याला पाणी द्यावे, त्याच्यावर हात उगारणाऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहावे. खंडो बल्लाळांनी केले ते एवढेच.

सुट्टीत मुलांना घेऊन माचणूर आणि बेगमपूरला जरूर जावे. जाताना त्यांना दोन्ही बाजूंच्या गोष्टी सांगाव्यात: संभाजी महाराजांच्या हालांची आणि झीनतुन्निसाच्या मायेची, शेख मिराच्या बायकामुलांची आणि मानाने परत पाठवलेल्या राण्यांची. एकच गोष्ट सांगितली तर मूल एका बाजूचे होते. सगळ्या सांगितल्या तर ते न्याय करायला शिकते. आणि ज्यांच्या घरी एखादे मूल आज आईपासून किंवा बापापासून अडवून ठेवलेले असेल, त्यांनी आधी त्याला भेटवून आणावे, सहल नंतर करावी. अल्लाह आपल्याला, आपल्या हातात कोणी सापडेल तेव्हा, सांभाळून वागण्याची तौफीक देवो. आमीन.